ताण आणि बहार

संत्र्याच्या बागेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना 'ताण' या शब्दाचा अर्थ शहरातल्या माणसाहून निराळा ठाऊक असतो. शहरात ताण येतो. आपल्याकडे तो दिला जातो. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत, मृग बहार घ्यायचा असेल तर मे महिन्यात बागेचे पाणी तोडायचे. नवी पालवी थांबते, पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. आणि पालवी फोडण्यात जे अन्न खर्च झाले असते ते फांद्यांमध्ये साठून राहते. मग खत देऊन पाणी सोडले की झाड फुलांनी भरून येते. ज्या झाडाला बारमाही पाणी मिळते ते दिसते हिरवेगार, पण फुलण्याचे विसरते. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे ज्ञान पुस्तकातून घ्यावे लागले नाही.

निवृत्तीनंतर हाताशी सवड आल्यापासून वार्धक्याविषयीचे संशोधन मी जमेल तसे वाचत आलो आहे. या विषयाला हल्ली जे महत्त्व आले आहे, त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: पेशी आपली ऊर्जा कशी मिळवते आणि ती कशावर खर्च करते? शाळेत आपण तंतुकणिकांविषयी शिकलो होतो. अन्न आणि प्राणवायू यांच्या योगे त्या ऊर्जा निर्माण करतात आणि ती एटीपी नावाच्या नाण्यात पेशीच्या हाती देतात. वय वाढते तशा या चुली धुरकट होतात. धूर अधिक, आच कमी. परंतु शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले ते असे, की पेशीच्या हाती खर्चाचे दोन मार्ग असतात. अन्न विपुल असेल तर ती वाढीवर खर्च करते. अन्नाची चणचण भासली की वाढ थांबवून घराची डागडुजी काढते, मोडके-तोडके सामान वितळवून पुन्हा वापरात आणते. या दुसऱ्या क्रियेला स्वभक्षण म्हणतात, आणि तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवूनच त्यांनी ती पाहिली होती.

याची सुरुवात मात्र बरीच आधीची. १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवून दिले, की पोषणात उणीव न ठेवता केवळ आहाराचे प्रमाण कमी केले तर उंदीर अधिक जगतात. १९९३ साली सिंथिया केनियन यांना एका सूक्ष्म कृमीत असे आढळले, की एका जनुकातील बदलाने त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते. चार वर्षांनी कळले, की ते जनुक इन्सुलिनसारख्या संप्रेरकाचा संदेश झेलणारे आहे. म्हणजे 'अन्न आले' ही वर्दी पेशीला जितकी मंद ऐकू येते, तितकी ती सावकाश म्हातारी होते.

आपल्या मुंबईतही या विषयावर उत्तम काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. उल्लास कोल्थूर-सीताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्ट-१ या प्रथिनाचा अभ्यास केला. उपवासाच्या काळात यकृताचा कारभार बदलण्यात या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. २०२० साली त्यांनी दाखवले, की जेवणानंतर साखरेपासून बनलेला एक रेणू या प्रथिनाला चिकटतो आणि त्याचे काम आवरते घेतो. हे आवरणे जमले नाही तर यकृत भरल्या पोटीही उपाशी असल्यासारखे वागते आणि रक्तातील साखर वाढते. थोडक्यात, यकृताला उपवास जसा कळावा लागतो, तसा उपवास सुटलेलाही कळावा लागतो. बागाईतदार याला काय म्हणेल? ताण देणे आणि ताण तोडणे, दोन्ही वेळेवर व्हावे लागते.

सामान्य मराठी माणसाच्या घरात इन्सुलिनची ही चर्चा आणली ती मात्र आपल्या शेजारच्या एका माणसाने. नागपूर-इटारसी लोहमार्गावर आपल्या आधी नरखेड लागते आणि त्याच्या आधी काटोल. त्या काटोलमधून १९८० साली महाराष्ट्र विधानसभेत निवडून गेलेले, वैद्यकासह कितीतरी पदव्या मिळवलेले डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या व्याख्यानात सांगत, की माणूस किती खातो याइतकेच तो किती वेळा खातो हे महत्त्वाचे आहे. प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिन स्रवते. २ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ झालेल्या अपघातात ते गेले. पुढे लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तोच विचार दोन वेळच्या जेवणाच्या रूपाने घरोघरी नेला. एक वेळ जेवेल तो योगी, दोन वेळ जेवेल तो भोगी, तीन वेळ जेवेल तो रोगी, असे आपल्याकडे म्हणतच आले आहेत. अर्थात 'एकादशी, दुप्पट खाशी' हेही आपणच म्हणतो.

इथवरचे सारे वाचताना मला समाधान वाटत होते. घरात घडलेल्या एका प्रसंगाने मात्र विचार करावयास लावले.

माझ्या थोरल्या वहिनींचे वय ब्याऐंशी. सोमवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, आणि चातुर्मासात एकभुक्त, असा त्यांचा साठ वर्षांचा नेम. त्यांचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. पंचेचाळिशीतच त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने दोन जेवणांचा नियम धरला, चालणे सुरू केले. दीड वर्षात नऊ किलो वजन उतरले आणि साखर ताब्यात आली. पोळ्याला, म्हणजे गोटमारीच्या आदल्या दिवशी, तो सावरगावला आला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाला, "आई, तू आयुष्यभर जे केलंस, तेच आता शास्त्र सांगतंय." वहिनींना इतका आनंद झाला, की रात्री झोपताना घेत असलेला दुधाचा पेलाही त्यांनी दुसऱ्या दिवसापासून बंद केला. दसऱ्यापर्यंत त्यांचे वजन अडतीस किलोवर आले. पाटावरून उठताना त्यांना भिंतीचा आधार लागू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की आजार कोणताही नाही. अंगावरचे मांस झडते आहे.

एकाच घरात, एकाच नियमाने, मुलगा तरुण झाला आणि आई खचली. शास्त्र खोटे नव्हते. ते कोणाविषयी बोलत होते हे पाहावयाचे राहून गेले होते. मी पुन्हा वाचावयास बसलो. निरोगी माणसांना दोन वर्षे कमी आहार देण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. आहार पंचवीस टक्क्यांनी कमी करावयाचा होता. प्रत्यक्षात साधले सुमारे बारा टक्के. रक्तदाब सुधारला, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार वय वाढण्याचा वेगही दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला. पण त्या २१८ जणांत पन्नाशीपुढचा कोणीही नव्हता, आणि तरीही त्यांच्या हाडांची घनता थोडी घटली होती. २०२४ साली सुमारे साडेनऊशे उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कमी खाल्ल्याने आयुष्य वाढले हे त्यातही दिसले. पण कमी खाणाऱ्यांमध्ये अधिक जगले ते कोण, तर ज्यांनी अशा आहारावरही आपले वजन टिकवून धरले ते. जे रोडावत गेले ते आधी गेले.

याहून खोल गोष्ट पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडते. २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील त्यांचे मित्र जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वरून सडसडीत, आतून चरबीयुक्त, असा हा आपला देह. तो घडतो कुठे, याचा शोध घेण्यासाठी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपल्या बाळांचे स्नायू कमी, मात्र चरबी त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात असतानाच बाळाने टंचाईचा हिशेब शिकून घेतलेला असतो. पुढे सुबत्ता आली, की तोच हिशेब मधुमेहाच्या रूपाने उलटतो.

हे वाचताना आपली घरे डोळ्यांसमोर आली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून जी मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली, त्यांनी देव आणले, पंचांग आणले, व्रते आणली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. एकादशी मात्र कोणत्याही सीमेने बदलली नाही. पण त्या व्रतांच्या आड आणखी एक गोष्ट चालत आली. घरातल्या बायका सर्वांत शेवटी जेवत. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, गडीमाणसे, आणि मग भांड्यात उरले असेल ते. गरोदरपणातही उपास सुटत नसे. त्याला आपण नेम म्हटले. त्यातला किती भाग श्रद्धेचा होता आणि किती भाग उरलेल्या भाजीचा, हे कोणी मोजले नाही. शेतावर रोजाने येणाऱ्या बाईच्या घरी तर उपवास आणि उपासमार यांच्यामध्ये एका शब्दाचेही अंतर नव्हते.

म्हणून मला असे वाटते, की ऊर्जेच्या या साऱ्या संशोधनाचे सार 'कमी खा' एवढेच नाही. भरल्या झाडाला दिलेला ताण बहार आणतो. तोच ताण खंगलेल्या झाडाला दिला तर फांद्या वाळतात आणि बहराऐवजी सल काढत बसावे लागते. हलक्या जमिनीत ताणाचे दिवस कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त; रोगट झाडाला ताण द्यायचाच नाही. पाणी तोडण्याचा अधिकार त्यालाच, ज्याच्या विहिरीत पाणी आहे. उद्या आयुष्य लांबवणारी औषधे बाजारात येतील तेव्हाही हा प्रश्न त्यांच्याआधी विचारावा लागेल: समोरच्या देहात आधीच किती साठा आहे?

वहिनींना एवढे सारे सांगण्यात अर्थ नव्हता. कार्तिकी एकादशीनंतर, द्वादशीच्या पारण्याला, मी फक्त डॉक्टरांचे म्हणणे पुन्हा त्यांच्या कानावर घातले: संध्याकाळचे जेवण हवे, दूध हवे, डाळ हवी. त्या पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "भाऊजी, विहिरीजवळच्या जुन्या झाडायले यंदा ताण देनार हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"काऊन?"

"पेलवायचा नाही त्यांना. दोन वर्षं नुसतं खतपाणी देऊ."

त्यांनी पानातला भात कालवला. "एकादशी मी सोडनार नाही," त्या म्हणाल्या, "बाकीचं पाहू."

त्या रात्रीपासून दुधाचा पेला पुन्हा सुरू झाला. सोमवार गेला, शनिवार गेला. संक्रांतीला वजन केले तेव्हा ते दीड किलोने वाढलेले होते. एकादशी कायम आहे.