हजाराची काडी

हात चांगला आला की बोलावं की गप्प बसावं? पोकरमधला ओमाहा खेळणारे चार पत्त्यांत दोन एक्के दिसले की याच पेचात पडतात. पैसे वाढवावेत, तर सगळे समजायचं ते समजतात. न वाढवावेत, तर स्वस्तात आत शिरलेला एखादा शेवटी एक्क्यांना पाणी पाजतो. कारण चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या त्याच्याकडेही असतातच. जपानी माजान या सोंगट्यांच्या खेळानं या पेचाचा सरळ नियमच करून टाकला आहे, आणि बोलण्याला किंमतही लावली आहे.

प्रत्येकापुढं 13 सोंगट्या उभ्या असतात. एक हवी ती आली की डाव लागणार, ही अवस्था म्हणजे ‘तेनपाई’. इथं पोचल्यावर मुकाट खेळत राहता येतं. त्याला ‘दामा’ म्हणतात. नाहीतर ‘रीची’ असं मोठ्यानं म्हणायचं, टाकायची सोंगटी आडवी ठेवायची आणि आपल्या 25,000 गुणांतली 1,000 ची काडी पुढं सरकवायची. पांढरी, बारीक, मध्ये एकच लाल ठिपका. काडी ठेवली की हात गोठला. पुढं उचलाल ती सोंगटी कामाची नसेल तर तशीच टाकायची, मग ती समोरच्याच्या जिंकण्याची का असेना.

टोकियोत निशी-कासाईला मराठी बोलणं कानावर पडतं, पण माजानला मी बसतो ते जपानी आजोबांबरोबर. आसादा तेत्सुया यांनी 1969 पासून ‘माजान होरोकी’ कादंबरीत रंगवले ते दुसऱ्या महायुद्धानंतरचे अट्टल जुगारी, आमचं मंडळ ‘केन्को माजान’वालं, म्हणजे पैसे लावायचे नाहीत, दारू नाही, सिगारेट नाही. तरी हात गोठलेला माणूस बघावा तो इथंच. एका आजोबांनी रीची केलेली. सोंगटी उचलताना तिच्यावरची नक्षी ते अंगठ्यानंच वाचतात. अंगठा फिरला, ओठ मुडपले, आणि ती त्यांनी निमूट पुढं ठेवली. उजवीकडून लगेच आवाज आला, ‘रोन!’ म्हणजे त्या सोंगटीवर तो जिंकला. ठाऊक असून द्यावी लागली होती.

मग रीची करायचीच कशाला? तर गंमत अशी की नुसता डाव जुळून भागत नाही, त्यात ‘याकु’ म्हणजे मान्य असा एखादा नमुना लागतो. तो नसेल तर दुसऱ्यानं टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही. रीची हा स्वतःच एक याकु आहे. म्हणजे ज्याच्या हातात फारसं काही नाही त्याला जिंकण्याच्या हक्कासाठी ओरडावंच लागतं, आणि 8,000 चा हात घेऊन बसलेला खुशाल गप्प राहू शकतो. शिवाय रीची करून जिंकणाऱ्यालाच एक उपडी सोंगटी उलटून पाहायला मिळते. तिथं कधीकधी जादा गुणांचं घबाड निघतं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ऐकत वाढलेल्या मला दामाच शहाणपणाचा वाटायचा. पण रीची म्हणजे मूठ उघडणं नव्हेच. ओमाहात एकाएकी मोठी रक्कम लावणाऱ्याकडं एक्के असावेत असा निदान अंदाज तरी बांधता येतो; इथं हात तयार आहे एवढंच कळतं, तो हजाराचा की बारा हजारांचा ते कळत नाही. बाकीचे तिघंही आपापले चांगले हात मोडून बिनधोक सोंगट्या टाकत सुटतात. मूठ झाकलेलीच, नुसती टेबलावर आपटलेली! दामामागं पुष्कळदा शहाणपण नसतं, काडी जाईल ही धास्ती असते.

अवघड असतो शेवटचा डाव. मी पहिला, दुसऱ्याहून 900 नं पुढं, हात तयार पण याकु नाही. काडी ठेवली तर तेवढ्यानंच दुसरा होतो. न ठेवली तर हवी ती सोंगटी स्वतःच उचलावी लागणार. आजोबांचा सल्ला ठरलेला: गप्प राहा, तेनपाईत राहून डाव संपला तरी गुण जात नाहीत. हिशेबानं ते बरोबर आहेत. मी बहुतेक वेळा काडी ठेवतो. 900 ची आघाडी राखत बसण्यात मला तरी मजा येत नाही, आणि इथं पैसे कुठं लागलेत?