विसबोर्गच्या बंद खिडक्या

फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊचा १९२२ सालचा ‘नोस्फेराटू’ आज कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतो. तरीही तो चारचौघांत, अंधाऱ्या हॉलमध्ये पुन्हा पाहिल्यावर माझं त्याबद्दलचं मत बदललं. एकट्यानं पाहताना हा मला काउंट ऑर्लोकचा चित्रपट वाटत असे. टकलं डोकं, उंदरासारखे पुढचे दात, जिन्याच्या भिंतीवर सरकत जाणारी लांब बोटांची सावली, एवढंच लक्षात राही. पण ऑर्लोक पडद्यावर येतो जेमतेम नऊ-दहा मिनिटं. चित्रपट, योग्य गतीनं दाखवला तर, दीड तासाचा. उरलेल्या वेळात मुर्नाऊ काय दाखवतो, हा प्रश्न घरी पडत नाही, कारण घरी बोट सारखं पुढे ढकलायच्या बटणावर असतं. हॉलमध्ये ती सोय नसते. मग दिसू लागतं ते विसबोर्ग नावाचं गाव. माझं म्हणणं असं की या चित्रपटाचा खरा विषय ते गाव आहे. आपत्ती आल्यावर दारं लावून बसणारं आणि नंतर भलत्याच माणसामागे दगड घेऊन धावणारं.

ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीशी ताडून पाहिलं की हे उघड होतं. ‘ड्रॅक्युला’ची गोष्ट तिच्यातल्या पात्रांच्या रोजनिश्या आणि पत्रांतून उलगडते, आणि शेवटी व्हॅन हेल्सिंगच्या पुढाकारानं जमलेली टोळी ड्रॅक्युलाला गाठते. त्याच्या गळ्यावर चालतो तो कुकरीचा वार. म्हणजे शहाणी, धाडसी माणसं एकत्र आली की संकट टळतं. पटकथाकार हेन्रिक गालेननं ही टोळीच काढून टाकली. व्हॅन हेल्सिंगच्या जागी आलेला प्राध्यापक बुल्वर विद्यार्थ्यांना कीटकभक्षक वनस्पती दाखवतो आणि शेवटी उशिरा पोहोचतो, बस्स. कादंबरीत नसलेली एक गोष्ट मात्र गालेननं घातली, ती म्हणजे प्लेग. शिवाय सारी गोष्ट १८३८ सालच्या विसबोर्गमधल्या महामारीची बखर म्हणून मांडली. निवेदक नायक नाही की शिकारी नाही, गावातला कुणी बखरकार आहे. आणि हे गाव रंगवलेलं नाही. दोनच वर्षं आधी ‘कॅलिगारी’ या चित्रपटानं कॅनव्हासवर वाकडी घरं रंगवून दहशत निर्माण केली होती. मुर्नाऊ कॅमेरा घेऊन विस्मारच्या बंदरावर आणि ल्यूबेकच्या गल्ल्यांत गेला. ऑर्लोक जे घर घेतो ती ल्यूबेकमधली मिठाची जुनी कोठारं आहेत, आजही उभी.

घर घेतो, यावर जरा थांबायला हवं. ऑर्लोक गावात चोरपावलांनी शिरत नाही, रीतसर खरेदीखत करून येतो. व्यवहार जुळवतो तो क्नॉक नावाचा इस्टेट एजंट, आणि चांगल्या पैशांची लालूच दाखवून तो आपल्या हाताखालच्या हुटरला कार्पेथियन डोंगरांत धाडतो. हुटर खूश होऊन निघतो, बायकोच्या, एलेनच्या, मनातली धास्ती हसण्यावारी नेतो. सराईतले लोक ऑर्लोकचं नाव ऐकून गारठतात, हा हसतो. पिशाच्चांवरचं पुस्तक वाचतो आणि भिरकावून देतो. गळ्यावरचे दोन व्रण डासांचे आहेत, असं बायकोला पत्रात कळवतो. पुढे जहाज बंदराला लागतं. कप्तान सुकाणूला बांधलेल्या अवस्थेत मेलेला, बाकी माणूस नाही. अधिकारी नोंदवही वाचतात आणि प्लेगचं निदान होताच आपापल्या घरी पांगतात. मग ढोल वाजवत दवंडीवाला येतो. माणसं खिडक्यांतून डोकावतात, हुकूम ऐकतात आणि खिडक्या एकेक करून बंद होतात. दारांवर खडूनं फुल्या पडतात. एलेन खिडकीतून पाहते तेव्हा अरुंद रस्त्यावरून शवपेट्यांची रांग चाललेली असते. एवढ्या पडझडीत ऑर्लोक कुठे आहे? समोरच्या घरात. त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

मराठी प्रेक्षकाला या खिडक्या जरा जास्त ओळखीच्या वाटाव्यात. स्टोकरची कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती मे १८९७ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, आणि २२ जूनला प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर गोळी झाडली गेली. दोहोंचा कार्यकारणसंबंध काही नाही, पण साथ, सरकारी हुकूम आणि बंद दार यांचं नातं आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हा चित्रपट मुळात एलेनचा आहे. तिची स्वप्नं, तिची ओढ, तिचं बलिदान. रॉबर्ट एगर्सनं २०२४ मध्ये नवा ‘नोस्फेराटू’ केला तेव्हा हाच धागा ताणला, आणि तो धागा मुर्नाऊकडे आहेच. पण एलेनला ते करावं का लागतं? पिशाच्चांवरच्या त्या पुस्तकातला उपाय वाचणारी गावात ती एकटी उरते म्हणून. पिशाच्चाला पहाटेपर्यंत आपल्याजवळ गुंतवून ठेवायचं हे ती कुणाला न सांगता ठरवते, आणि नवऱ्याला बुल्वरला आणायच्या निमित्तानं घराबाहेर पाठवते. सूर्यप्रकाशानं व्हँपायर नष्ट होतो ही आज सर्वमान्य झालेली कल्पना याच चित्रपटानं रुजवली. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाही फिरतो. म्हणजे टोळीच्या शस्त्रांऐवजी सूर्य आला, आणि सूर्य उगवेपर्यंत थांबायला एक बाई. वेर्नर हेरझॉगनं १९७९ च्या आपल्या आवृत्तीत हे अधिक उघड केलं. त्याची ल्युसी भर चौकात लोकांना सांगत फिरते आणि कुणी तिचं ऐकत नाही. मुर्नाऊची एलेन तो प्रयत्नही करत नाही. मला तिचा कौल अधिक कडवट वाटतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. पूर्वेकडून येणारा, वाकड्या नाकाचा, उंदीर आणि रोगराई घेऊन येणारा परका. पुढच्या दोन दशकांत जर्मनीत ज्यूंविरुद्ध हेच चित्र वापरलं गेलं, आणि अनेक अभ्यासकांनी ऑर्लोकच्या रूपावर त्यावरून बोट ठेवलं आहे. गालेन स्वतः ज्यू होता, क्नॉकची भूमिका करणारा अलेक्झांडर ग्रानाखही. नाझी सत्तेवर आल्यावर ग्रानाखला जर्मनी सोडावी लागली. पण करणाऱ्यांच्या जन्मावरून चित्राचा परिणाम ठरत नाही, त्यामुळे हे उत्तर पुरेसं नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो क्नॉकचा पाठलाग. साथीला जबाबदार कोण, हे गावाला ठरवायचं असतं. वेड्यांच्या कोठडीतून पळालेला क्नॉक सापडतो आणि जमाव दगड घेऊन त्याच्यामागे लागतो. शेतात एक बुजगावणं दिसतं, तोच तो समजून लोक त्याच्या चिंध्या करतात. बळीचा बकरा शोधणाऱ्या जमावावर इतकी नेमकी टीका त्या काळच्या चित्रपटांत मी क्वचितच पाहिली आहे. यानं ऑर्लोकचा चेहरा निर्दोष ठरत नाही, हेही मान्य करायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच रिळात आहेत.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: सार्वजनिक खेळात लोक हसतात, मग भीतीचं काय? हसतात खरे. शवपेटी काखेत मारून ऑर्लोक रिकाम्या रस्त्यांतून निघतो, बदलीच्या गावी वळकटी घेऊन आलेला कारकूनच जणू, तेव्हा हसू येणारच. जलद गतीनं धावणारी बग्गी तर आता खेळणंच वाटते. पण हसणं चित्रपटाच्या आतच आहे. सबंध पहिला अर्धा भाग हुटर हसत असतो, आणि त्याचं हसू मावळतं तिथेच साधारण प्रेक्षकांचंही मावळतं. जहाजाच्या तळाशी ऑर्लोक फळीसारखा ताठ उभा राहतो त्या क्षणी सहसा कुणी हसत नाही. एकट्या प्रेक्षकाला हे हसणं आणि थांबणं मोजायला दुसरा कानच नसतो.

मात्र हे सगळं चांगल्या प्रतीवर अवलंबून आहे, आणि इथे आयोजकांचा आळस नडतो. चित्रपट काढणाऱ्या प्राना-फिल्म या कंपनीनं स्टोकरच्या विधवेची परवानगी घेतली नव्हती. तिनं दावा लावला, कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयानं सर्व प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या, पण नावं बदलून आणि कापाकापी होऊन. काहींत ऑर्लोक ड्रॅक्युला झाला, विसबोर्ग ब्रेमेन. मूळ चित्रपट रंगछटा दिलेला होता: रात्र निळी, दिवस पिवळसर, पहाट गुलाबी. रात्रीची दृश्यंही दिवसा चित्रित केलेली असल्यामुळे छटा नसलेल्या प्रतीत ऑर्लोक भर उन्हात हिंडताना दिसतो, आणि मग शेवटी त्याच उन्हानं तो का मरतो हे कुणाला कळत नाही. सेकंदाला १८ च्या आसपास चौकटींसाठी घेतलेला चित्रपट २४ नं पळवला की विसबोर्गची माणसं विदूषकासारखी धावू लागतात, आणि खिडक्या बंद होण्याचं ते दृश्य निघून जातं. हान्स एर्डमाननं केलेलं मूळ संगीत बरंचसं हरवलं असल्यानं वाजवणाऱ्यांना मोकळीक आहे. पण संगीत ऑर्लोकच्या एंट्रीसाठी राखून ठेवू नये. दवंडीच्या दृश्यात फक्त ढोल असला तरी चालेल, आणि तो संपल्यावर शवपेट्या रस्त्यावरून जाईपर्यंत काहीच वाजवलं नाही तरी माझी तक्रार नसेल.