समुद्राचे दंव

बदलीच्या नोकरीत सामानाबरोबर घरची माणसेही हलवावी लागतात, हे वाचकांपैकी अनेकांच्या अनुभवाचे असेल. वडील गेल्यानंतर आई उटीला आली ती सोलापूरच्या घराला कुलूप लावून. हा आग्रह माझाच. येताना तिने तुळशीचे रोप आणले होते. २,२४० मीटर उंचीवरच्या पहिल्याच हिवाळ्यात, गवतावर पांढरे दंव गोठले त्या रात्री, ते करपून गेले.

शेजारच्या बडगा आजीबाईंनी रिकाम्या कुंडीत आपल्या मळ्यातले रोझमेरीचे रोप लावून दिले. पाने सुईसारखी, खालून पांढुरकी. चुरडली की कापराची आठवण देणारा वास. मूळची ही भूमध्य समुद्राकाठची. लॅटिन नावाचा अर्थच ‘समुद्राचे दंव’. कुळ मात्र तुळशीचेच. हे मी आईला सांगितले आणि तेच भोवले. स्नान झाले की ती रोज तांब्याभर पाणी घालू लागली. महिन्याभरात पाने काळवंडली, झाड गेले.

“माझ्या हाताला आता काही लागत नाही रे,” एवढेच आई म्हणाली. मला मान वर करवेना.

आजीबाईंनी कुंडी उपडी करून कुजलेली मुळे दाखविली. आईची सोलापुरी कानडी आणि त्यांची बडगा बोली एकमेकींना अर्धीमुर्धी कळे. या झाडाला कोरड्या उताराची सवय. माती सुकल्याखेरीज पाणी द्यावयाचे नाही. पुढे आई त्यांच्या मळ्यावर जाऊ लागली. बी रडतखडत उगवते, म्हणून फांद्याच रुजवितात. कापलेले शेंडे सावलीत वाळवून, काड्या वेगळ्या करून पाला पोत्यांत भरतात. तो परदेशी जातो; तिकडे भाजलेल्या मांसावर, पावावर भुरभुरतात. “एवढा परिमळ, आणि पिकविणाऱ्यांच्याच आमटीत नाही!” याचे आईला नवल. तिने बटाट्याच्या काचऱ्यांत घालून पाहिली. प्रथम प्रमाण चुकले, कडवट लागली. दुसऱ्या खेपेस शेजारी वाटी गेली.

गेल्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला. गाव सपाटीवरचे, धो धो पावसाचे. आईला सांगावयास मला दोन दिवस लागले. तिने ऐकून घेतले, अंगणात जाऊन चार शेंडे कापले, खालची पाने ओरबाडली आणि ते ओलसर वाळूत खोचले.

“तिकडे पाऊस फार,” ती म्हणाली, “कुंडी ओसरीतच ठेवावी लागेल.”