वाघ फॉरमॅट पाळत नाही

मोबाईलवरचं ॲप म्हणजे सॉफ्टवेअर नव्हेच, असं मी बरीच वर्षं लोकांना ऐकवत आलो. साकोलीत माझं डीटीपीचं आणि संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे ऐकणारे आयतेच मिळत. माझ्या लेखी खरं सॉफ्टवेअर म्हणजे सीडीवरून बसवायचं, एकाच जातीच्या मशीनवर चालणारं पण तिथे पाय रोवून चालणारं. ‘जे सगळीकडे चालतं ते कुठेच धड चालत नाही’ हे माझं ठरलेलं वाक्य होतं. आज ते वाक्य मी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगायचंय.

आधी माझ्या बाजूने थोडं बोलू द्या, कारण ते मत हवेतून आलं नव्हतं. प्रोग्रॅम स्वतः फार कमी कामं करतो. फाइल उघड, पडद्यावर अक्षर काढ, हे प्रिंटरला पाठव, अशी सगळी कामं तो ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो. विंडोजला सांगायची रीत एक, लिनक्सला सांगायची दुसरी, मॅकची तिसरी. म्हणून एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे नेला की तो बोलतो आणि समोरच्याला कळत नाही. यावर 1995 साली जावा आली. एकदा लिहायचं आणि कुठल्याही मशीनवर चालवायचं, असं तिचं आश्वासन. प्रत्यक्षात ई-निविदा भरायला आलेल्या कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर जावाची अमुकच आवृत्ती आणि ब्राउझरही तमुकच लागायचा, आणि मुदत संपायला अर्धा तास उरलेला असायचा. अशी माणसं मी दुकानात पाहिली आहेत. त्यांच्यासमोर ‘कुठेही चालतं’ म्हणायची माझी हिंमत झाली नसती.

उलट ‘वाइन’वर माझा जीव होता, आजही आहे. 1993 साली सुरू झालेला हा प्रकल्प लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवतो. संगणकात दुसरा नकली संगणक न उभारता, प्रोग्रॅम विंडोजच्या भाषेत जे मागतो ते तिथल्या तिथे लिनक्सच्या भाषेत पोचवतो. मराठी टायपिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर मी असं लिनक्सवर चालवून दाखवायचो. गिऱ्हाइकाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

ॲपबद्दलचा दुसरा राग जंगलातून आला. मी पक्षी बघतो. पिटेझरीचं फाटक साकोलीहून जवळ, त्यामुळे नागझिरा हे आमचं घरचं जंगल. 1970च्या सुमाराचं हे अभयारण्य जेमतेम 153 चौरस किलोमीटरचं. 2013च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला तेव्हा त्याचा भाग बनलं. आत विजेची लाइन नाही. तळ्याकाठच्या विश्रामगृहात रात्री कंदिलाच्या उजेडात बसलेल्यांना फोनची रिंग ऐकू आली की कसं वाटतं, ते सांगायला नको. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली इथल्याच, नवेगावच्या जंगलात नोकरी करत असताना नोंदी वहीत लिहीत. तीच रीत आम्हाला पुरेशी, असं मी म्हणायचो.

माझं मत हललं ते वनखात्याच्या गणनेत.

देशभरातला वाघांचा अंदाज 2006पासून नव्या पद्धतीने, दर चार वर्षांनी घेतला जातो. वनरक्षक आपापल्या बीटमध्ये ठरलेल्या पायवाटांवर पाऊलखुणा, विष्ठा, ओरखडे शोधत चालतात. मग ट्रान्झेक्ट असते: दोन किलोमीटरची सरळ रेघ, पहाटे चालायची, चितळ, सांबर, रानडुक्कर दिसलं की किती, किती अंतरावर, कुठल्या कोनात, हे टिपायचं. पूर्वी हे सगळं छापील तक्त्यांवर भरलं जाई. 2018च्या फेरीत ‘एम-स्ट्राइप्स’ नावाचं ॲप आलं. ती प्रणाली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची, 2010पासूनची. फोनवरचं रूप नंतरचं. वनरक्षकाच्या ॲन्ड्रॉइड फोनवर नोंद, कार्यालयातल्या संगणकावर विश्लेषण, अशी तिची विभागणी.

स्वयंसेवक म्हणून मी एका महिला वनरक्षकामागे चालत होतो. तिने सुरुवातीलाच फोन फ्लाइट मोडवर टाकला. मी दुकानदारी आवाजात म्हटलं, “मॅडम, टॉवर नाही आणि तुम्ही हेही बंद केलंत, मग हे सेव्ह कुठे होणार?” ती न थांबता म्हणाली, “टॉवर कायले लागते भाऊ? उपग्रह तं वरतीच हाय. अन् बॅटरी वाचते.” जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही हे मला पुस्तकाने माहीत होतं. तिला ते पायाने माहीत होतं. साजाच्या एका झाडाखाली ती वाकली, विष्ठेशेजारी फूटपट्टी ठेवली, फोटो घेतला. वेळ आणि अक्षांश-रेखांश फोनने आपणहून लिहिले. कागदी तक्ताही तिच्या पिशवीत होता. दातात धरलेलं शिसपेन काढून तिने तोही भरला. पडद्यावर आमच्या चालण्याची निळी रेघ वळणं घेत लांबत होती. तक्ता सावलीत बसून भरता येतो. ही रेघ चालल्याशिवाय उमटत नाही.

पण मला गुंतवलं ते पुढच्या प्रश्नाने. या नोंदीचं पुढे होतं काय? चालून घेतलेल्या नोंदींच्या जोडीला 2018च्या फेरीत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लागले, जवळपास साडेतीन कोटी फोटो आले. त्यांतले वाघाचे होते 76,651. फोटो कुठल्या प्राण्याचा हे आधी एक प्रोग्रॅम वेगळं करतो. मग दुसरा, ‘एक्स्ट्रॅक्टकम्पेअर’ नावाचा, वाघाच्या अंगावरचे पट्टे ताणून-सरळ करून जुन्या फोटोंशी जुळवतो, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्यातून वेगवेगळे 2,461 वाघ ओळखले गेले, आणि न दिसलेल्यांचा हिशेब धरून अंदाज निघाला 2,967.

आता आमच्या जयची गोष्ट घ्या. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ 2013मध्ये इथून निघाला आणि उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन बसला. शंभराहून जास्त किलोमीटर, मध्ये शेतं, रस्ते, गावं, आणि जिल्ह्याच्या हद्दी. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती; 2016च्या एप्रिलनंतर तो दिसला नाही ते नाहीच. समजा नागझिऱ्याने त्याचा फोटो आपल्या पद्धतीने साठवला असता आणि उमरेडने आपल्या, तर एकच वाघ दोन कार्यालयांत दोन वाघ झाला असता. वाघाने हद्द ओलांडली तर त्याच्या नोंदीलाही ओलांडता आली पाहिजे. 2023च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेव्हा हे हद्द ओलांडणं उलट दिशेने झालं.

मी आयुष्यभर विचारत आलो की प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर चालतो. विचारायला हवं होतं की त्यात लिहिलेलं बाहेर कसं निघतं. प्रोग्रॅम विंडोजला बांधलेला असो की ॲन्ड्रॉइडला, त्यातली माहिती साध्या तक्त्यात उतरवता आली, जीपीएसची रेघ कुठल्याही नकाशात उघडली, तर मशीन बदलल्याने काही बिघडत नाही. ट्रान्झेक्टवरची अंतरं घेऊन चितळांची घनता काढणारं ‘डिस्टन्स’ हे सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चाले. आता तेच गणित ‘आर’ भाषेच्या पॅकेजमध्ये मिळतं आणि तिन्ही सिस्टीमवर चालतं. जुन्या ट्रान्झेक्टचे आकडे मात्र त्यात जसेच्या तसे घालता येतात.

खरं तर हे मराठी डीटीपीवाल्याला कुणी शिकवावं लागू नये. आमची अर्धी हयात फॉन्टच्या भानगडीत गेली. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमध्ये फाइलीत मराठी नसायचंच. आत इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की गिचमिड. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा दिला. ‘म’चा आकडा 2350, साकोलीतही आणि टोरांटोतही. माझ्या जुन्या पक्षी-याद्या अशाच एका फॉन्टात होत्या. कन्व्हर्टरने त्या युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांनी छळलं, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. एकट्या ‘किलकिल्या’त दोन वेलांट्या, आणि आमच्या बोड्यांवर, मालगुजारी तलावांवर किलकिले तर हटकून. वेलांटी जागेवर बसवत बसलो, पण याद्या वाचल्या. त्या आता ‘ईबर्ड’वर आहेत.

ईबर्ड कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, 2002पासूनचं. मी ते दुकानातल्या लिनक्सवर ब्राउझरमधून भरतो, चोरखमाऱ्याकडचा एक गाइड ॲन्ड्रॉइडवर, पुण्याची भाची आयफोनवर. तिघांच्या याद्या एकाच ठिकाणी पडतात, आणि माझ्या सगळ्या नोंदी मला हव्या तेव्हा तक्त्यात उतरवून घेता येतात. पक्ष्यांची नावं मराठीत निवडता येतात. ‘जे सगळीकडे चालतं ते...’ हे माझं वाक्य इथे अडकलं.

त्याच प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ आवाजावरून पक्षी सांगतं, तेही माहिती आधी उतरवून ठेवली तर नेटवर्कशिवाय. याच्याशी माझं अजून पूर्ण जमलेलं नाही. एकदा बफरमधल्या बांबूत फोन धरून उभा होतो. पडद्यावर एकामागून एक नावं उजळली: शिक्रा, हळद्या, सर्पगरुड. वर बघितलं तर एकटा भृंगराज, शेपटीच्या दोन पिसांच्या चकत्या हलवत, सगळ्यांच्या नकला करत बसलेला. ॲपला दोष देत नाही. भृंगराज खऱ्या पक्ष्यांनाही फसवतो. मात्र हल्लीची मुलं आधी पडदा बघतात आणि मग झाड, हे मला आवडत नाही. त्याहून न आवडणारं म्हणजे पक्ष्याचाच आवाज फोनवर वाजवून त्याला जवळ बोलावणं. विणीच्या दिवसांत पिल्लांचा घास सोडून तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला येतो. इथे मी जुनाच माणूस आहे आणि राहणार.

सफारीतल्या फोनबंदीला म्हणूनच माझा पाठिंबा आहे. 2024च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या गराड्यात अडकले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर सफारीतल्या मोबाईलवर बंदीचे आदेश निघाले. लोक विचारतात, तुम्ही तर आता ॲपवाले झालात, मग हे कसं? मला यात काही उलटसुलट दिसत नाही. वनरक्षकाच्या हातातला फोन जंगलाची नोंद घेतो, जिप्सीतला बहुतेक वेळा स्वतःची. मी फोन मागे ठेवतो, वहीत लिहितो, आणि रात्री घरी संगणकावर भरतो. वहीसुद्धा कुठल्याही सिस्टीमवर चालते.

एक तक्रार मात्र जात नाही. ‘सगळीकडे चालतं’ म्हणणारी ॲपं फक्त गेल्या काही वर्षांच्या फोनांवर चालतात. ॲन्ड्रॉइडची आवृत्ती जुनी झाली की नवं ॲप बसायला नकार देतं, आणि जीपीएस, कॅमेरा, बॅटरी सगळं शाबूत असलेला फोन मोडीत निघतो. शहरात हे खपून जातं. पिटेझरी-मंगेझरीकडच्या गाइडांकडे फोन येतो तोच मुळात कुणीतरी वापरून सोडलेला. विंडोजचे तीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम मी आजही वाइनवर उठवून बसवतो. दहा वर्षांपूर्वीच्या फोनवर आजचं ॲप उठवायची तशी सोय मला अजून मिळालेली नाही. दुकानाच्या खणात असे काही फोन पडून आहेत. सध्या त्यांच्यावर जुनी नकाशा-ॲपं आणि आधी उतरवलेले ओपन स्ट्रीट मॅपचे नकाशे घालून गाइडांना देतोय. तेवढं तरी चालतं.