थंडीआधी न्हाणीघराचा झरोका

सांगलीत विश्रामबाग आणि कुपवाड, कऱ्हाडात विद्यानगर, साताऱ्यात शाहूपुरी आणि सदर बझार या भागांत घरामागे घर भाड्याने दिलेलं असतं. कॉलेजची मुलं, कारखान्यातले कामगार, बदलीवर आलेले कर्मचारी असे लोक एकेका इमारतीत दाटीवाटीने राहतात. या इमारती पावसाळ्याआधी हमखास तयार होतात. गच्चीची गळती बघितली जाते, पन्हळी साफ होतात, सांगलीत तर महापुराच्या धास्तीने तळमजल्यावरचं सामानही हलवलं जातं. थंडीची तयारी मात्र कुणी करत नाही, कारण आपल्याकडची थंडी ती काय, असं सगळ्यांनाच वाटतं. भाड्याच्या खोल्यांत राहून, आणि अशा इमारतींचा कारभार जवळून बघून, माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे. आपल्या थंडीने कुणी गारठून मरत नाही हे खरं. पण ती आली की माणसं खिडक्या लावून घेतात आणि त्याच बंद जागेत आग पेटवतात. धोका या दोन गोष्टी एकत्र येण्यात आहे, आणि तो टाळण्याची पहिली जबाबदारी घरमालकाची आहे.

आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं, आणि बंब पेटायचा मागच्या अंगणात किंवा उघड्या पडवीत. धूर डोळ्यांत जायचा, पण आग माणसापासून लांब असायची. गॅस गिझर आला तेव्हा जागा वाचवण्यासाठी तो थेट न्हाणीघराच्या भिंतीवर चढला. आता साधा हिशेब करून बघा. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं न्हाणीघर म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर हवा. सहा लिटरचा गिझर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो, आणि एक किलो गॅस नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. म्हणजे झरोका बंद असेल तर पंधरा मिनिटांच्या अंघोळीत खोलीतल्या निम्म्या हवेतला प्राणवायू संपतो. तो पुरता संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आगही होत नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. त्यामुळे ‘वास आला नाही, म्हणजे गॅस नाही’ हा भरवसा इथे उपयोगाचा नाही. भाड्याच्या खोलीत तर सकाळी कॉलेजच्या वेळेआधी तिघे-चौघे पाठोपाठ अंघोळ करतात. पहिला बरा बाहेर येतो, आणि तिसरा शिरतो तो आधीच्या दोघांनी वापरून टाकलेल्या हवेत. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात गिझरच्या मृत्यूची चार ओळींची बातमी येते, ती मला म्हणूनच अपघाताची वाटत नाही. ती इमारतीच्या रचनेची बातमी असते.

झरोका उघडा ठेवला तर लेकरं आजारी पडतील, असं लोक म्हणतात आणि काचेच्या पट्ट्यांवर पुठ्ठा चिकटवतात. याचं उत्तर सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातच आहे. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात पाचगणीला आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीला रुग्ण पाठवले जायचे ते मोकळ्या हवेसाठी. तेव्हाच्या आरोग्यधामांत आजाऱ्यांच्या खाटाही उघड्या व्हरांड्यात असत, अंगावर भरपूर पांघरूण घालून. ऊब पांघरुणाने मिळवायची आणि हवा खेळती ठेवायची, हा त्यामागचा विचार होता. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेवढी थंडी सांगलीत पडत नाही. तळहाताएवढ्या फटीने इथे कुणाला न्यूमोनिया होणार नाही. कुपवाडकडच्या एकखोली घरांत रात्री कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावतात, तिथेही हेच लागू आहे. शेगडी विझत आली की निर्धोक, असा समज आहे. पण धुमसणारा कोळसाच हा वायू जास्त सोडतो, आणि त्या वेळी घरातली माणसं झोपेत असतात.

घरमालकांचा आक्षेप असा की गिझर भाडेकरू आणतो, तेव्हा त्याचं तो बघेल. गिझर त्याचा असेल, पण भिंत मालकाची आहे. गिझर बाहेरच्या गॅलरीत बसवून आत फक्त गरम पाण्याची नळी आणायची, तर भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि ते पाडायची मुभा भाडेकरूला नसते. शिवाय तो अकरा महिन्यांनी जातो, पुढचा येतो आणि त्याच खिळ्यावर आपला गिझर टांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरू किमान 15 दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र हल्लीचे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात आणि हे कलम लायसन्सवर राहणाऱ्यासाठी नसून भाडेकरूसाठी आहे. म्हणून माझा आग्रह असा की गिझरची जागा आणि झरोका यांचा उल्लेख करारातच असावा. कराराची नोंदणी तर कलम 55 नुसार करावीच लागते, तिच्यात दोन ओळी वाढवायला काहीच लागत नाही. खर्चाचं म्हणाल, तर नळी बाहेरून फिरवणं हे प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

सोलर बसवला म्हणजे प्रश्न मिटला, हेही पूर्ण खरं नाही. सोलर चांगलाच, पण बोअरच्या जड पाण्याने त्याच्या नळ्यांत क्षार धरतात, काचेवर धूळ बसते, आणि ऐन थंडीत तळमजल्यावर कोमट पाणी पोचतं. मग तिथला माणूस बादलीत रॉड टाकतो. गच्ची मालकाच्या ताब्यात असते, कुलूपही त्याचंच असतं. तेव्हा क्षार काढून घेणं, काच पुसणं आणि तळमजल्यापर्यंतच्या पाइपाला ऊब राखणारं वेष्टन घालणं हे त्यानेच दसरा-दिवाळीच्या साफसफाईत उरकावं. रॉड वापरला जाणारच असेल, तर मीटरपाशी 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा.

भाड्याने राहणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: झरोक्यावरचा पुठ्ठा आजच काढा, आणि गिझर न्हाणीघरात असेल तर दार उघडं ठेवून पाणी बादलीत भरून गिझर बंद करा, मगच दार लावा. अंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं किंवा पाय लटपटले, तर थकवा समजून तिथे बसू नका. दार उघडून मोकळ्या हवेत या, कुणाला तरी हाक मारा, आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन या.