वहीत न उतरलेले आकडे

सांगलीच्या वाड्यात परसातल्या न्हाणीघराशेजारी एक कोनाडा होता. त्यात स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचेच्या दोन नळ्या आणि निळ्या औषधाची बाटली. हा सगळा संसार आजीने स्वयंपाकघरापासून जमेल तितका लांब थाटला होता. लघवीची परीक्षा आणि सोवळं यांत तडजोड तिला मान्य नव्हती.

१९७४ साली तो आठ वर्षांचा होता आणि नळी धरण्याचं काम त्याच्याकडे होतं. ५ मिलिलिटर बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब. थेंब आजी मोजायची. उकळी अंगावर उडू नये म्हणून नळीचं तोंड भिंतीकडे करून तो ती ज्योतीवर हलवत राहायचा. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं म्हणजे त्याहून जास्त, नारिंगी म्हणजे डॉक्टरांकडे निरोप, आणि विटकरी म्हणजे आजी दिवसभर कुणाशी बोलणार नाही.

तिची एक खोड मात्र त्याला फार उशिरा कळली. परीक्षेचा दिवस ती स्वतः ठरवायची आणि तो हटकून निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी यायचा. बाकीच्या एकादश्यांना, म्हणजे साबुदाण्याच्या, "आज नको रे, उपास आहे" म्हणून नळ्या कोनाड्यातच राहायच्या. शिवाय निळ्या रंगालाही तसा फार अर्थ नव्हता. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही आणि उतारवयात ही पातळी बरेचदा आणखी वर सरकते. ओढ्याचं पाणी घरात शिरल्यावर पूर आला म्हणायचं, तसला हा प्रकार. तोवर ओढा किती चढला होता, हे नळीला कळायचं नाही.

त्याचे वडील, अण्णा, एसटीच्या हिशेब खात्यात होते. त्यांच्या वेळी नळी गेली आणि प्रयोगशाळेचा कागद आला: फास्टिंग आणि पीपी. सकाळी उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त निघाली, आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर मधुमेह. हे गणित अण्णांना मनापासून आवडलं, कारण त्याची तयारी करता येत होती. तपासणीच्या आधी दोन दिवस ज्वारीची भाकरी, मेथी आणि ताक, तेही मोजून. चहा बिनसाखरेचा. तिसऱ्या दिवशी रक्त दिलं की येताना बसस्टँडवर भजी. रिपोर्ट झकास यायचा आणि तो शेजारच्यांना दाखवला जायचा.

१९९८ मध्ये मिरजेच्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि 'तीन महिन्यांची' लिहून दिली. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, तिथेच राहते. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये सॅम्युएल रहबार यांच्या नजरेला पडलं आणि त्यातून पुढे एचबीएवनसी ही तपासणी उभी राहिली. साडेसहा टक्क्यांपासून पुढे मधुमेह. आजार असलेल्या बहुतेकांनी सातच्या आसपास राहावं असं डॉक्टर सांगतात. अण्णांची आली ९.४. "हे कसं काय?" अण्णा म्हणाले, "परवाची फास्टिंग तर ११८ होती." डॉक्टर म्हणाले, "साहेब, रोकड जुळतेय, पासबुक जुळत नाहीये." हिशेब खात्यातल्या माणसाला याहून कडू बोलणं दुसरं नसेल. (पंडुरोग असला की हे पासबुकही चुकू शकतं, हा बारकावा त्या दिवशी कुणी काढला नाही. काढला असता तर अण्णांनी तोच धरून ठेवला असता.)

त्याच भेटीत डॉक्टरांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि टेबलावरून नायलॉनचा एक जाडसर धागा उचलला. १० ग्रॅम दाब पडला की तो वाकतो, एवढंच त्याचं काम. तळपायाला टेकवला की "हो" म्हणायचं. अंगठा, टाच, मधली बोटं. खोलीत कुणीच बोलेना. अण्णा डोळे मिटून वाट बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा ना आता." धागा सहा ठिकाणी लावून झाला होता.

घरी येताना तो मागच्या सीटवर बसून वडिलांच्या चपलेकडे बघत राहिला. आतल्या बाजूने एक खिळा वर आला होता. किती दिवस, कुणास ठाऊक. त्यानंतर अण्णांच्या पायांची रोजची पाहणी आईकडे गेली, आरसा जमिनीवर ठेवून. वर्षाकाठी डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासणंही सुरू झालं. डोळे आणि मूत्रपिंड, या दोन जागांचं दुखणंही आधी जाणवत नाही.

त्याची स्वतःची शुगर २०११ मध्ये निघाली, कंपनीच्या वार्षिक तपासणीत. वय ४५, वजन ६२ किलो. "मला?" हा त्याचा पहिला शब्द. मधुमेह सुटलेल्या पोटांना होतो, अशी त्याची समजूत होती. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता, तो त्याने नंतर पाहिला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणारा मराठी माणूस आतून बारीक असेलच असं नाही. घरी येऊन त्याने शिंप्याची टेप बेंबीवरून फिरवली: ९३ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाने ९० च्या आत राहायचं असतं.

मग ग्लुकोमीटर आला आणि वही आली. सुई बोटाच्या पेरावर टोचायची नाही, कडेला टोचायची, हे चार दिवस बोटं ठणकल्यावर समजलं. मे महिन्यात एका दुपारी यंत्रावर ३१२ आले आणि घर हादरलं. बायकोने विचारलं, "हात धुतलेत?" त्याने नुकताच पाहुण्यांसाठी हापूस चिरला होता. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसरी पट्टी लावली तर १७१. तसंही घरगुती यंत्र प्रयोगशाळेपेक्षा १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, त्यामुळे १७१ आणि १८० यांत भेद करत बसण्यात अर्थ नसतो.

वही सुरेख होती. १३२, १४८, १५५. डॉक्टरांनी ती चाळली, कौतुक केलं, मग सहज यंत्र हातात घेऊन त्याचं बटण मागे मागे दाबत गेले. २८७. २६४. ३०१. "ही वही कुणाची आहे?" यंत्राला स्मरणशक्ती असते हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. लग्नकार्यं, ऑफिसातले वाढदिवस आणि रविवारची मिसळ, एवढं सोडून तो वही प्रामाणिकपणे लिहीत होता. आजीची एकादशी, अण्णांची भाकरी-मेथी आणि त्याची वही. घराण्यात शुगर तर आली होतीच, बरोबर ही खोडही आली होती.

एव्हाना आजूबाजूला हे दुखणं इतकं पसरलंय की कुणाला नवल वाटत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला आणि सगळ्यात वरचा नंबर गोव्याचा, २६.४ टक्के.

दोन वर्षांपूर्वी त्याने १४ दिवसांसाठी दंडावर सेन्सर लावून घेतला. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर सतत मोजत राहतो. रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, एवढंच. मोबाइलवर डोंगर उमटत गेले. सकाळचे कांदेपोहे त्याला वाटलं होतं त्याहून उंच. जेवणानंतर वीस मिनिटं चाललं की शिखर बुटकं. आणि पंधरवड्यातलं सगळ्यात उंच शिखर एकादशीचं: साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस. त्या रात्री त्याला कोनाड्यातल्या नळ्या आठवल्या आणि एकट्यालाच हसू आलं.

यंदाच्या होळीला जेवून बरोबर दोन तासांनी त्याने हात धुतले, बोट टोचलं. २४१. वही उघडली आणि आकडा लिहिला. पुढे लिहिलं : 'पुरणपोळी, दीड.'

"दोन," भांडी आवरता आवरता बायको म्हणाली.

त्याने 'दीड' खोडलं.