सलामीची काळजी

नाशिकला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचे, हे प्रत्येक नाशिककराचे ठरलेले असते. रामकुंड, काळाराम, पांडवलेणी, सवड असली तर त्र्यंबकेश्वर. पाहुणा तरुण आणि मुंबईचा असला तर द्राक्षांचे मळे आणि द्राक्षांपासून होणारी ती दुसरी वस्तू. या यादीत गोल्फ क्लबचे मैदान कुठेच बसत नाही. माझे मामा मात्र पाहुण्याला आधी तिथे नेतात, आणि नेतात तेही सकाळी सहाला. बिचारा पाहुणा रात्रीच्या प्रवासाने शिणलेला असतो. पण मामांना नाही म्हणण्याची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नाही.

त्र्यंबक रस्त्यावरचे हे मैदान. नाव गोल्फ क्लबचे, पण इथे गोल्फ खेळताना कोणाला पाहिल्याचे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. साहेब गेला, त्याचा खेळही गेला. नाव तेवढे रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिले. पाटीवरचे नाव वेगळे आहे, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच गावातल्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा, आणि पुढच्याच एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेला, कॉलेजात जाण्याच्या वयाचा तो मुलगा. रिक्षावाल्याला हे नाव सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो, आणि मग म्हणतो, “म्हणजे गोल्फ क्लबला ना?”

मैदानाच्या कडेने चालणाऱ्यांची वाट आहे. उजाडायच्या आधीपासून तिच्यावर अर्धे नाशिक प्रदक्षिणा घालत असते. मधुमेहवाले, गुडघेवाले, नुकतेच निवृत्त झालेले आणि म्हणून फार वेगाने चालणारे, लग्न ठरलेल्या मुली, लग्न मोडायला निघाल्यासारखे तावातावाने बोलणारे वकील. फाटकाशी गव्हांकुराचा रस विकणारा बसतो. मध्ये हिरवळीवर दव, त्याच्याही मध्ये खेळपट्टी. मामा चालता चालता तिच्याकडे अशा नजरेने पाहतात, की शेतकऱ्याने बांधावरून वावराकडे पाहावे. फरक इतकाच की शेतकऱ्याच्या हातात निदान नांगर तरी असतो.

मामांचा जन्म १९४१ च्या दिवाळीतला, नरकचतुर्दशीचा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला महाराष्ट्राने मद्रासला हरवून रणजी करंडक जिंकला होता. त्याच्या आदल्या हंगामातही जिंकला होता. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर, वयाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर आणि पेशाने पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. (आमच्या स्टाफरूममध्ये मी हे एकदा सांगितले, तेव्हा एका सहकाऱ्याने गंभीरपणे विचारले, “मग त्यांचे तास कोण घेत असे?”) त्यानंतर करंडक महाराष्ट्राकडे फिरकलेला नाही. “मी आलो आणि तो गेला,” मामा म्हणतात. हसत म्हणतात, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस हसत म्हणतो ते सगळेच विनोदाने म्हणत नाही.

ज्या वाचकांच्या घरी क्रिकेट म्हणजे नुसते दूरदर्शनवरचे षटकार असतील त्यांच्यासाठी सांगतो : आपल्या राज्यात रणजीचे संघ तीन. मुंबईने करंडक इतक्या वेळा नेला की मोजणे सोडून द्यावे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा नेला. उरला तो ‘महाराष्ट्र’, म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, मराठवाडा इत्यादी. एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडे असावीत, दोन्ही शेजारच्या ओसऱ्यांवर आकाशकंदील लागावेत आणि आपल्या दारात पणतीला तेल नसावे, असा हा प्रकार.

तसे तीनदा अगदी दारापर्यंत जाऊन आले. १९७०-७१ चा अंतिम सामना पाहायला मामा नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले होते. मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. महाराष्ट्राचे कर्णधार चंदू बोर्डे. आता नाही तर कधी, अशी वेळ. ४८ धावांनी हरलो. १९९२-९३ मध्ये लुधियान्याला पंजाबने हरवले. २०१३-१४ मध्ये तर वानखेडेवर मुंबईला उपांत्यपूर्व फेरीत गारद करून संघ हैदराबादला अंतिम सामन्यात पोचला, आणि तिथे कर्नाटक आडवे आले.

या सगळ्याचे कारण मामांच्या लेखी एकच : सलामी. ते स्वतः साठीच्या दशकात कॉलेजच्या संघात सलामीला जात. उजव्या हाताच्या करंगळीचे पेर अजून वाकडे आहे; ते दाखवून ते सांगतात, “दोन तासांत बावीस धावा. कोणी टाळी वाजवली नाही. पण माझ्यामागून आलेल्याने शतक ठोकलं, आणि त्याला मुलगी सांगून आली.” मग मामींकडे पाहून, “मला मात्र तुझ्या मामीशिवाय कोणी विचारलं नाही.”

त्यांचे म्हणणे तांत्रिक आहे आणि खरे आहे. नव्या चेंडूची शिवण उभी असते, चकाकी ताजी असते. सकाळच्या दमट हवेत तो वळतो आणि टप्पा पडल्यावर कुठेही जातो. वीस-पंचवीस षटकांनी तो मऊ पडतो, चकाकी जाते, आणि मग पाचव्या-सहाव्या क्रमांकावरचे देखणे गडी येऊन देखणे फटके मारतात. सलामीवाल्याचे खरे काम धावा काढणे नव्हे, चेंडू म्हातारा करणे. ते धावफलकावर दिसत नाही. सोडून दिलेल्या चेंडूची नोंद कोणी ठेवत नाही.

२०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या विकेटसाठी नाबाद ५९४ धावांची भागी केली. मी पेढे घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “सुरेख. पण ही तिसऱ्या विकेटची ना? ४१ धावांत दोन गेले होते, हे विसरू नकोस.” जानेवारी २०२५ मध्ये याच गोल्फ क्लबवर महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी लोळवले. यष्टिरक्षक सौरभ नवलेने पहिल्या डावात ८३ आणि दुसऱ्यात नाबाद १२६ केल्या. मामा कानटोपी, मफलर आणि थर्मास घेऊन बसलेले. सारे मैदान टाळ्या पिटत होते, आणि हे शेजारच्याला सांगत होते, “मधली फळी आहे हो आपली. दाराला कडी नाही.”

तर २०२५ च्या आश्विनात ही काळजी टिपेला पोचली होती. हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू व्हायचा होता, वसुबारसेच्या दोन दिवस आधी. पहिला सामना केरळशी, तिरुवनंतपुरमला. मुंबई सोडून पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला होता. जोडीला सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी जाणार असे दिसत होते. ऋतुराज गायकवाड, जो चेन्नईसाठी वीस षटकांच्या खेळात सलामीला जातो, तो इथे मधल्या फळीत. चालण्याच्या वाटेवर दुसरा विषय नव्हता. एक निवृत्त अभियंता म्हणे, शॉ म्हणजे दिवाळीतला भुईनळा, उडाला तर डोळे दिपतील. मामा म्हणत, “भुईनळा देवघरात लावत नाहीत. तिथे समईच लागते.”

त्यांच्यात दिंडोरीकडचे एक बागाईतदार आहेत. शहरात मुलाकडे आले की तेही फेऱ्या मारतात. त्या वर्षी पाऊस लांबला होता, छाटण्या खोळंबल्या होत्या, आणि गृहस्थांची झोप उडालेली होती. ते म्हणाले, “मामा, तुमचा नवा चेंडू म्हणजे आमची छाटणीनंतरची पहिली पन्नास दिवसं. कोवळी फूट असती, त्यात पाऊस झाला का डाऊनी आलीच. तेवढं निभावलं म्हणजे मग घड आपले आपण भरत्यात. पण बाजारात घड बघतो माणूस, ती पन्नास दिवसं कोण बघतंय?” मामा तिथेच थांबले. एका फेरीत मामा थांबल्याचे मी तेव्हा प्रथम पाहिले.

मामांचे थोरले चिरंजीव, माझे मामेभाऊ, दसऱ्याला अमेरिकेहून आले होते. तेही आमच्याबरोबर चालत. ते म्हणाले, “दादा, तिकडे हेच चालतं.” तिकडच्या फुटबॉलमध्ये म्हणे पुढे पाच अगडबंब गडी वाकून उभे असतात. त्यांनी चेंडू घेऊन पळायचे नाही, गोल करायचे नाही. मागे चेंडू हातात घेऊन उभ्या असलेल्या नायकाच्या अंगावर कोणाला येऊ द्यायचे नाही, एवढेच काम. नायकाची छायाचित्रे दुकानादुकानांत. या पाचांपैकी एकाने चूक केली तरच त्याचे नाव लोकांना कळते. आणि हंगामापूर्वी दर उन्हाळ्यात गावातली शहाणी माणसे चिंता करतात ती नायकाची नव्हे, या पाचांची. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांची करंगळी शाबूत असते का रे?”

इथवर ही चर्चा गमतीचीच होती. पण तिच्यात एक काटा होता, तो आमच्या घरातला. माझा मुलगा नववीत आहे. तो मैदानावर खेळायला जातो, आणि आजोबांच्या, म्हणजे मामांच्या, आग्रहाने सलामीला जात असे. त्या पावसाळ्यात तो लागोपाठ चार वेळा शून्यावर किंवा दोन-तीन धावांवर बाद झाला. मग त्याने प्रशिक्षकांना परस्पर सांगितले की मी पाचव्या क्रमांकावर येतो. मला हे त्याच्या आईकडून कळले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “बाबा, आऊट झालो तर सगळे बघतात. टिकलो तर कोणी बघत नाही.” याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. मी पंचवीस वर्षे मुलांना निबंध लिहायला शिकवतो. हे वाक्य मी कोणाच्या वहीत खोडले नसते.

मामांना सांगायची छाती नव्हती. ती मुलानेच केली. मामा रागावले नाहीत, हेच वाईट झाले. “बरं,” म्हणाले, आणि त्यानंतर पाचसहा दिवस वाटेवर सलामीचा विषयच काढीनात. अभियंत्यांनी शॉचे नाव घेतले तरी नुसते “हं” म्हणत. दवावरून चालणाऱ्या त्या पाठीकडे पाहून मला पहिल्यांदाच ती म्हातारी वाटली.

१५ तारखेला बुधवार. मुलाची सहामाही परीक्षा संपलेली, माझा तास अकराला. साडेनऊला आम्ही तिघे मामांच्या स्वयंपाकघरात. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. मामी चकल्या तळत होत्या. केरळने महाराष्ट्राला फलंदाजी दिली. शॉ शून्यावर पायचीत. लगेच सिद्धेश वीर शून्यावर. मग अर्शिन कुलकर्णी, तोही शून्यावर. धावफलकावर धाव एकही नाही आणि गडी तीन गेलेले! पाच धावा झाल्या तेव्हा कर्णधार बावणेही शून्यावर परतला. अठरावर पाचवा गेला.

कोणी बोलेना. मामींनी झारा खाली ठेवून पाहिले. “माझा घाणा बिघडला तर मी एवढी तोंडं पाडत नाही,” म्हणाल्या, आणि पुन्हा तळायला लागल्या.

मुलगा इतका वेळ पडद्याला डोळे लावून बसला होता. तो म्हणाला, “आजोबा, ऋतुराज पाचव्या नंबरवर आलाय ना?”

“हो.”

“पण चेंडू तर नवाच आहे.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आहे खरा,” म्हणाले.

मला तासाला जावे लागले. त्या दिवशी मी काय शिकवले ते वर्गालाही सांगता येणार नाही. ऋतुराजने ९१ केल्या. केरळ सोडून याच वर्षी आपल्याकडे आलेला जलज सक्सेना ४९ करून गेला. दोघांनी मिळून १२२ जोडल्या आणि डाव २३९ वर संपला. केरळला २१९ वर रोखून वीस धावांची आघाडी मिळाली, सामना अनिर्णित राहिला. शॉने दुसऱ्या डावात ७५ आणि पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२ केल्या. अभियंत्यांनी वाटेवर सर्वांना रस पाजला. मामांनी घेतला आणि म्हणाले, “पहिल्या दिवशी हवा होता हा.”

पण ते पुढचे. त्या बुधवारी संध्याकाळी मुलगा मैदानावरून दिवेलागणीला परत आला. पॅड काढून ओसरीत टाकले. पांढऱ्या पॅडवर तांबडे डाग होते, ताज्या चेंडूचे. मी सहज विचारल्यासारखे विचारले, “कितव्या नंबरवर गेलास?”

“पाचव्याच. पण पहिल्या दोन षटकांतच तिघं गेले.”

“मग?”

“मग काय, बराच वेळ उभा होतो. सोळा केल्या. चेंडू शेवटी मऊ झाला होता.” आणि आईला म्हणाला, “मामीआजींकडच्या चकल्या आहेत का?”

मी मामांना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटले फोन तुटला. मग म्हणाले, “उद्या सकाळी त्यालाही घेऊन ये. सहाला. आणि जुनी बॅट आण म्हणावं, नवी दवात भिजेल.”